पाचवीच्या वर्गातील पहिली
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत शिक्षणविषयक चार शब्द बोलण्याची आज्ञा विश्वस्त मंडळाने केली, तेव्हा प्रथम मी संकोचानेच होकार दिला. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि वडिलोपार्जित कापड दुकानाच्या गादीवर बसलो, तो आजही तेथेच आहे. तथापि वह्यावाटपाच्या निमित्ताने अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतील खेड्यांच्या शाळांत गेली अनेक वर्षे माझे जाणे-येणे आहे. कापडवाल्याला माल बोटांत धरून पाहण्याची खोड असते. त्याच खोडीने मी वही हाती देण्यापूर्वी मुलाला पुस्तकातील दोन ओळी वाचून दाखवायला सांगत असे. त्यातून जे दिसले, आणि त्यासंबंधी पुढे जे वाचनात आले, ते आपणांसमोर ठेवतो.

इयत्ता पाचवीचा एखादा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. वीस-बावीस मुले आहेत आणि सर्वांच्या दप्तरात एकच पुस्तक आहे. पहिले मूल उतारा वर्तमानपत्रासारखा भराभर वाचून जाते. दुसरे वाचते, परंतु जोडाक्षर आले की थबकते. 'प्रकाश' त्याला येतो, 'सूर्य' येथे ते अडते, कारण 'र' किती वेगवेगळ्या रूपांनी जोडला जातो हे त्याला कोणी सावकाश बसून दाखविलेले नसते. तिसऱ्याला 'कमळ' आणि 'गवत' वाचता येते, पण काना, मात्रा, वेलांटी आली की शब्द अनोळखी होतो. चौथे मूल अक्षरे ओळखते, शब्द जुळवीत नाही. आणि शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेले एखादे लेकरू शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहून नुसतेच ओठ हलवीत असते. हजेरीपटावर या पाचही मुलांच्या नावापुढे इयत्ता पाचवी असेच लिहिलेले आहे. फळ्यावरही सर्वांसाठी एकच धडा आहे, आणि तो पहिल्या मुलाला समोर ठेवून लिहिलेला आहे.

गणिताचीही तीच कथा. बावन्नातून सत्तावीस वजा करताना हातचा घ्यावा लागतो. ज्याला दशक आणि एकक यांचा अर्थच उमगलेला नाही, त्याच्यापुढे अपूर्णांकांचा धडा चालू असतो.

हे केवळ माझ्या चार शाळांचे चित्र असते तर मी येथे बोलण्यास उभा राहिलो नसतो. 'प्रथम' या संस्थेच्या प्रेरणेने २००५ पासून देशभर ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांचे वाचन आणि गणित तपासले जाते. 'असर' या नावाने त्याचा अहवाल निघतो. त्याची चाचणी इतकी साधी आहे की आपल्यापैकी कोणालाही ती घेता यावी. एका कागदावर सुटी अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट. मूल जेथवर पोहोचले, ती त्याची पातळी. २०१८ मध्ये पाचवीतील निम्म्याच मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत होती. करोनाकाळात शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास घसरले, आणि २०२४ च्या अहवालात ते पुन्हा ४९ टक्क्यांच्या जवळ आले. म्हणजे झालेली घट बरीचशी भरून निघाली, आणि तरीही अर्ध्या वर्गाचा धडा अर्ध्या वर्गापर्यंत पोहोचत नाही, ही स्थिती कायम राहिली.

मी हिशेबाचा विद्यार्थी असल्याने मला याचे एक कारण हिशेबाच्या भाषेतच दिसते. दिवाळीत आपण नवी वही पूजतो, पण जुन्या वहीतील येणे-देणे पुढे ओढल्याशिवाय नव्या वहीचे पहिले पान पुरे होत नाही. बाकी पुढे न ओढणाऱ्या मुनिमाला आपण दुसऱ्या दिवशी गादीवर बसू देणार नाही. शाळेत मात्र दर जूनमध्ये कोरी वही उघडली जाते. तिसरीत राहून गेलेली वजाबाकी चौथीच्या वहीत कोठेच दिसत नाही. मूल पुढच्या वर्गात जाते, बाकी मागच्याच वर्गात राहते, आणि पाचवीपर्यंत ती चक्रवाढ व्याजाने वाढते.

ही बाकी साचते कशी, हेही पाहिले पाहिजे. शिक्षकांना दोष देणे फार सोपे आहे आणि माझ्या मते ते बहुतांशी अन्यायाचेही आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक मिळतात. वर्ग पाच, शिक्षक दोन. म्हणजे एका खोलीत दोन किंवा तीन इयत्ता एकत्र बसणे हा आपल्या लहान गावांतील नित्याचा प्रकार आहे. त्यात निवडणुका, सर्वेक्षणे, पोषण आहाराचे हिशेब आणि माहिती भरून पाठविण्याची कामे. शिक्षक एका इयत्तेला लेखन देऊन दुसरीकडे वळतात, तोवर पहिलीकडे गोंधळ सुरू झालेला असतो.

मुलांच्या बाजूनेही कारणे आहेत, आणि ती आपल्या मातीतली आहेत. कापसाची वेचणी सुरू झाली की मोठी भावंडे वावरात जातात आणि मधले मूल धाकट्याला सांभाळायला घरी राहते. मेळघाटातील अनेक कोरकू कुटुंबे कामासाठी घाट उतरतात आणि होळीला परततात. मूल परत येते तेव्हा पुस्तक कित्येक पाने पुढे गेलेले असते. वर्गात ती पाने मागे उलटण्याची सोय नाही.

भाषेचा प्रश्न तर याहून सूक्ष्म आहे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कोरकू मुलाची घरची भाषा मराठीच्या कुळातील नाही. ती मुंडा गटातील भाषा आहे आणि तिच्या सख्ख्या बहिणी, संथाळी व मुंडारी, दूर झारखंडात बोलल्या जातात. असे मूल पहिलीत गप्प बसते म्हणून ते मंद ठरते. वास्तविक ते एकाच वेळी अक्षरही शिकत असते आणि परकी भाषाही. आपल्या सपाटीवरच्या वऱ्हाडी मुलाचे पाहा. त्याच्या घरी 'डोळा' हा 'डोया' असतो आणि 'काळा' हा 'काया'. पुस्तकात 'काळा' लिहिलेले पाहून ते 'काया' असे वाचते. आता हे वाचन चुकले की बरोबर? माझ्या मते त्या मुलाने अक्षरावरून अर्थ अचूक उचलला, आणि वाचन म्हणजे दुसरे काय असते? उच्चार पुढे सुधारेल. परंतु तेथेच लाल खूण झाली, तर पुढच्या वेळी ते तोंड उघडत नाही, आणि मग त्याला खरोखर काय येत नाही हे कोणालाच कळत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे २४ वे कलम शिक्षकांची कर्तव्ये सांगते. त्यात एके ठिकाणी म्हटले आहे की ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करावा. लगेच पुढच्या खंडात म्हटले आहे की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्याप्रमाणे आवश्यक ते जादा अध्यापन करावे. दोन्ही वाक्ये उत्तम आहेत. मात्र पहिल्याचा हिशेब मागितला जातो आणि दुसऱ्याचा मागितला जात नाही. तपासणीला येणारा अधिकारी 'कितवा धडा चालू आहे' असे विचारतो. व्यवहारात ज्या गोष्टीची तपासणी होते तीच होत जाते, हे दुकानदारालाही ठाऊक आहे.

याच कायद्याने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात थांबवून ठेवण्यास बंदी केली होती. २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन राज्यांना मोकळीक मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षेची तरतूद पुन्हा आणली. पुष्कळांना याचा आनंद झाला. मला त्यात फारसे तथ्य दिसत नाही. जो धडा एकदा डोक्यावरून गेला, तोच त्याच गतीने दुसऱ्या वर्षी पुन्हा डोक्यावरून नेण्याने मूल शिकेल कसे? ढकलणे आणि अडविणे, दोन्हींत शिकविणे राहूनच जाते.

आपल्याकडे पूर्वी असे नव्हते, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे. पंतोजींच्या शाळेत इयत्ता नसत. धुळाक्षरे गिरविणारे मूल एका कोपऱ्यात, मोडी वळविणारे दुसऱ्या कोपऱ्यात, आणि पावकी-निमकी-औटकी घोकणारे मोठे पोर ओसरीवर. ज्याचे एक झाले त्याला दुसरे मिळे, आणि मोठा मुलगा धाकट्याला शिकवी. त्या शाळांचे मी गोडवे गाणार नाही. तेथील छडी आणि तेथे कोणाला प्रवेश नव्हता, हे आपण सर्व जाणतो. परंतु मूल जेथे आहे तेथून पुढे नेण्याची ती रीत खरी होती. मद्रासला एग्मोर येथील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमाचे प्रमुख असलेल्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने देशी शाळेतील मुलांना वाळूत अक्षरे गिरविताना पाहिले, ती रीत आपल्या आश्रमात आणली, मुलांकडून मुलांना शिकविण्याची पद्धत बसविली आणि १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तक छापले. तेथून ती 'मद्रास पद्धत' या नावाने इंग्लंडच्या शाळांत पसरली. वयानुसार वर्ग आणि वर्गानुसार पुस्तक ही घडी पुढे सर्वत्र बसली, आणि आज आपल्याला वाटते की शाळा म्हणजे हेच.

या विषयाशी अमरावतीचेही एक नाव जोडलेले आहे, हे तरुण पिढीला कदाचित माहीत नसेल. ताराबाई मोडक विवाहानंतर काही काळ आपल्या अमरावतीत राहत होत्या. त्यांचे यजमान येथे वकील होते. पुढे त्या काठेवाडात गेल्या, भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केले, आणि १९४५ मध्ये बोर्डी येथे गरीब व आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र उभारले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांचे काम वाढले. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी, ही अंगणवाडीची कल्पना तेथली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालविली. मूल गुरांमागे जाते ना, मग धडाही गुरांमागे जाईल! १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. घड्याळ आणि जागा मुलाच्या सोयीने ठरविता येते, एवढे धैर्य त्या काळी एका बाईंनी दाखविले. आपल्याला तर केवळ दिवसातला एक तास बदलावयाचा आहे.

तो एक तास कसा, ते आता सांगतो. माझ्या भाषणाचा मुख्य भाग हाच आहे.

१९९५ मध्ये डॉ. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईत 'प्रथम'ची स्थापना केली. त्यांनी महापालिकेच्या शाळांत एक योजना चालविली, तिचे नाव बालसखी. वस्तीतीलच एखादी मुलगी, शाळेचे शिक्षण पुरे केलेली, थोडे प्रशिक्षण घेऊन तिसरी-चौथीतील मागे राहिलेली पंधरा-वीस मुले रोज सुमारे दोन तास वेगळी घेऊन बसे. तिचे मानधन त्या काळी महिना ५०० ते ७५० रुपये होते. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई व बडोदा येथे २००१ नंतर या योजनेची पारख केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने काही वर्गांना बालसखी दिली, काहींना दिली नाही, आणि दोहोंची तुलना केली. ज्या वर्गांना बालसखी मिळाली, त्यांतील मागे राहिलेल्या मुलांची प्रगती ठळकपणे अधिक दिसली. यातून निघालेली आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. मागची मुले बाहेर गेल्याने उरलेल्यांचा वर्ग लहान झाला, तरी त्या उरलेल्यांना त्याचा वेगळा लाभ दिसला नाही. म्हणजे नुसता वर्ग लहान करून भागत नाही. त्याच पुस्तकाच्या त्याच पानावर वीस मुले बसविली काय आणि चाळीस बसविली काय!

कोणी म्हणेल, बालसखी ही बाहेरची, उत्साही मुलगी. सरकारी शिक्षकांना हे जमेल काय? याचे उत्तर बिहारमधून मिळाले. २००८ च्या उन्हाळ्यात तेथे सरकारी शिक्षकांनीच सुट्टीतील शिबिरे घेतली. इयत्ता विसरून, मुलांना पातळीप्रमाणे बसवून, केवळ वाचन व गणित शिकविले. मुले शिकली. तेच शिक्षक, तीच मुले. शाळा उघडल्यावर मात्र, प्रशिक्षण आणि साहित्य हाती असूनही, वर्गात फरक दिसेनासा झाला, कारण सारे पुन्हा पुस्तकाच्या वेळापत्रकावर गेले. शिक्षकांना शिकविता येत नाही हा समज येथे खोटा ठरतो. त्यांना तसे शिकविण्याची मुभा आणि वेळ नसतो. पुढे २०१२-१३ मध्ये हरियाणात शाळेच्या वेळातच एक तास यासाठी अधिकृतपणे राखून ठेवला, त्या तासाला मुले पातळीप्रमाणे खोल्या बदलत, आणि वाचनात सुधारणा झाली. उत्तर प्रदेशात वर्षभरात मिळून पन्नास दिवसांच्या शिबिरांनी मोठा पल्ला गाठला. पन्नास दिवस, हा आकडा आपण लक्षात ठेवावा. बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागील कामात मुंबईच्या या वर्गांचाही वाटा आहे.

या पद्धतीत मुले पाच गटांत बसतात. अगदी आरंभीचा गट, मग अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट. तिसरीचे आणि पाचवीचे मूल एका गटात असू शकते. अक्षरगटात बाराखडीचा तक्ता, जमिनीवर खडूने काढलेली चौकटी, त्यांवर उड्या. शब्दगटात मुलांच्याच तोंडचे शब्द फळ्यावर. गोष्ट सर्व गटांना ऐकविली जाते, कारण वाचता न येणाऱ्या मुलालाही गोष्ट कळते. गणितात काड्यांचे दहा-दहांचे जुडगे बांधावयाचे आणि हातचा घेताना ते हाताने सोडावयाचे. काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी, आणि ज्याचे जमले तो वरच्या गटात.

हा शेवटचा मुद्दा सोडला तर सारे बिघडते. आमच्या पिढीला हायस्कुलातल्या तुकड्या आठवत असतील. 'अ' तुकडीत हुशार, 'ड' तुकडीत उरलेले. आठवीत 'ड' मध्ये गेलेला मुलगा दहावीपर्यंत 'ड' मध्येच राही, आणि त्याला ते पाठ झालेले असे. त्या तुकड्या पुन्हा आणा असे मी मुळीच म्हणत नाही. गट हा एका विषयापुरता, एका तासापुरता आणि काही आठवड्यांपुरता असावा. उरलेला दिवस मुले आपापल्या वर्गात, मित्रांमध्ये. 'ढ' हा शब्द तर शिक्षकांच्या खोलीतही उच्चारला जाऊ नये.

हुशार मुलांचे नुकसान होईल काय, ही शंका पालक हमखास काढतात. केनियात याची मोठी परीक्षा झाली. तेथे १२१ शाळांच्या पहिलीच्या वर्गांना जादा शिक्षक देऊन वर्गाचे दोन भाग केले. निम्म्या शाळांत गुणांप्रमाणे आणि निम्म्यांत चिठ्ठ्या टाकून. गुणांप्रमाणे विभागलेल्या शाळांत वरच्या आणि खालच्या दोन्ही भागांतील मुलांची प्रगती अधिक झाली. शिक्षकाला समोर साधारण एकाच पातळीची मुले दिसली की तो त्यांच्याशी बोलू लागतो, हेच त्याचे मर्म असावे. पुढे गेलेल्या मुलालाही त्या तासात पुढचे काही हवे असते. त्याने रोज दुसऱ्यांना शिकवावे, ही अपेक्षा आठवड्यातून एखाद्या दिवसापुरती ठीक आहे, रोजची नव्हे. तोही शिकायलाच आलेला असतो.

महाराष्ट्र शासनाने या दिशेने काहीच केले नाही असे म्हणणे चुकीचे होईल. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला आणि पायाभूत चाचण्या आल्या. त्याआधीच साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधील शाळांत शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली मुले फरशीवर बसून, वस्तू हाताळून, आपापल्या गतीने शिकू लागली होती, आणि ते पाहण्यास राज्यभरातून शिक्षक जात. करोनानंतर २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यास झाला. त्याच वर्षी केंद्राचे 'निपुण भारत' अभियान सुरू झाले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे, यासाठी त्याने २०२६-२७ ची मुदत ठरविली. योजना येतात, त्यांचे फलक भिंतींवर रंगविले जातात. गावात मात्र त्या तासाला मुलांसमोर बसणारे माणूस मोजकेच असते.

एक गोष्ट अवांतर वाटेल, पण सांगतो. माझ्या दुकानात कामाला लागलेला एक मुलगा आठवी झालेला होता. गाठीवरचा कागद त्याला नीट वाचता येत नसे. परंतु साडेतीन मीटरचे अमुक दराने किती, हे मी पेन काढेपर्यंत तो सांगून मोकळा होई. इतवारा बाजारात भाजी विकणाऱ्या पोरांचा हिशेब आपण रोज पाहतो. अशाच मुलांचा कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत अभ्यास झाला आणि २०२५ मध्ये तो 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाजारातील मुले तोंडी व्यवहार अचूक करीत, पण तेच गणित शाळेच्या रीतीने कागदावर मांडले की अडत. आणि शाळेतील मुले कागदावर बरी असूनही बाजारातील हिशेबात गोंधळत. तेव्हा कोण कच्चा आणि कोण पक्का, हे एका कागदावरून ठरविताना जपून असावे. ज्याला तोंडी येते त्याला लेखी शिकविण्यास तेच तोंडी हाताशी आहे. ते वापरले मात्र पाहिजे.

आता आपल्या ट्रस्टविषयी. पन्नास वर्षांत आपण शिष्यवृत्त्या दिल्या, वह्या वाटल्या, दरवर्षी गुणवंतांचा सत्कार केला. या सर्वांत माझाही हात आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. परंतु नव्वद टक्के मिळविणाऱ्या मुलाला आपण शाल देतो तेव्हा तो आपल्या मदतीवाचूनही पुढे जाणार असतो. आणि ज्याला वाचता येत नाही, त्याला दोनशे पानी वही देऊन आपण नक्की काय दिले? म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझा विनम्र प्रस्ताव असा की, सुवर्णमहोत्सवाच्या निधीतील एक भाग या कामासाठी वेगळा काढावा. आपले सभागृह दुपारी चार ते सहा रिकामे असते. बारावी झालेल्या, वस्तीतीलच दोन मुलींना महिना सहा हजार मानधन दिले, तर दहा महिन्यांचे एक लाख वीस हजार होतात. तक्ते, काड्या, गोष्टींची पुस्तके यांचा खर्च किरकोळ आहे. तिसरी ते पाचवीची चाळीस मुले घ्यावीत, जात-धर्म-शाळा न विचारता. शिक्षकांना आधी भेटावे. त्यांच्या कामात ही ढवळाढवळ आहे असे त्यांना वाटता कामा नये, आणि कोणते मूल कोठे अडले आहे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. वर्षातून तीनदा चाचणी घेऊन तिचा तक्ता ताळेबंदासोबत वार्षिक सभेपुढे ठेवावा. मुलांची नावे त्यात नसावीत, केवळ प्रत्येक गटातील संख्या असावी.

आरंभ उन्हाळ्याच्या सुट्टीत करावा. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीसच उघडतात, त्यामुळे आपल्याला उर्वरित महाराष्ट्रापेक्षा थोडे अधिक दिवस मिळतात. वेळ सकाळी साडेसहा ते साडेआठ ठेवावी. त्यानंतर लेकरांना बाहेर काढण्यासारखे ऊन आपल्याकडे नसते.

चाचणीच्या साध्या कागदाच्या शंभर प्रती मी करून आणल्या आहेत, त्या दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येकाने एक घ्यावी, आपल्या दुकानातील नोकराच्या, घरकामाच्या बाईच्या किंवा शेजारच्या एका मुलाला शेजारी बसवून ती वाचावयास द्यावी, आणि ते कोठवर वाचू शकले हे त्यावर लिहून पुढील रविवारच्या बैठकीपूर्वी कार्यालयात पोहोचते करावे. मुलाला रागावू नये आणि शब्द सुचवू नये, एवढीच सूचना आहे.